आसई ते लालबाजार : एका प्रार्थनामंदिराची गोष्ट

जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या परिसरात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आसई नावाचे एक लहानसे गाव आहे. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सारा मुलूख आपल्याच जिल्ह्यात मोडत होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या गावच्या शिवारात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची इंग्रज फौज समोरासमोर आली. दोन्हीकडची माणसे फार मेली आणि मराठी फौजेला माघार घ्यावी लागली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. शाळेच्या पुस्तकात ही लढाई एका ओळीत उरकलेली असते आणि ती ओळ पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

पण लढाई संपली म्हणजे तिचा हिशेब संपतो असे नाही. आसईच्या शिवारातून निघालेला एक धागा थेट कलकत्त्याला, तिथल्या लालबाजारातल्या एका प्रार्थनामंदिरापर्यंत जातो आणि तिथून फिरून तो मुंबईमार्गे आपल्या घरातल्या छापील मराठी पुस्तकापर्यंत येतो. हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटले होते. बँकेच्या नोकरीत उभा जन्म काढलेल्या माणसाला जुन्या खात्यांचा माग काढण्याची खोड लागते. कुठली रक्कम कुठून आली आणि कुणाच्या नावे पडली, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या प्रार्थनामंदिराच्या बाबतीत माझे तेच झाले.

कलकत्ता तेव्हा कंपनी सरकारची राजधानी होती. गव्हर्नर जनरल होते रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आसईच्या वेलस्लींचे थोरले बंधू. विलायतेहून येणाऱ्या कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवल्याशिवाय राज्य चालायचे नाही, हे ओळखून त्यांनी १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज काढले. बंगाली, फारसी, हिंदुस्थानी, संस्कृत अशा भाषा तिथे शिकवल्या जाऊ लागल्या. इकडे १८०२ मध्ये वसईचा तह झाला. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, आसई झाली आणि डिसेंबरात रघूजी भोसल्यांशी देवगावचा तह झाला. मराठी मुलखाशी रोजचा व्यवहार करायचा तर मराठी आली पाहिजे, ही गरज आता राजधानीत उभी राहिली. १८०४ च्या सुमारास कॉलेजात मराठी शिकवण्याचे काम ज्यांच्याकडे आले, ते गृहस्थ होते विल्यम कॅरी.

कॅरी यांचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. मूळ धंदा जोडे शिवण्याचा. शिवता शिवता समोर पुस्तक उघडे ठेवून या माणसाने लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा भाषा आत्मसात केल्या. पुढे ते बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. १७९२ साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळी स्थापन केली, तेव्हा जमलेली वर्गणी होती १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. तीही रोख नव्हे, देण्याच्या वचनाची! एवढ्या तुटपुंज्या ठेवीवर कोणत्याही बँकेने त्यांना कर्ज दिले नसते. १७९३ मध्ये कॅरी बंगालमध्ये उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, कारण धर्माच्या कामात हात घातला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल ही भीती. म्हणून १८०० साली त्यांनी हुगळीकाठच्या श्रीरामपुरात बिऱ्हाड थाटले. ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते, कंपनीचा हुकूम तिथे चालत नसे. जोशुआ मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे छापखान्याचे जाणकार त्यांना तिथे येऊन मिळाले.

म्हणजे परिस्थिती मोठी गमतीची होती. ज्या सरकारला मिशनरी म्हणून कॅरी नको होते, त्याच सरकारला शिक्षक म्हणून ते हवे होते. आरंभी त्यांना महिना ५०० रुपये पगार होता, पुढे तो १००० झाला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण श्रीरामपूरच्या मंडळींचा नियम असा की, प्रत्येकाची मिळकत एका सामाईक खात्यात जमा व्हायची आणि घरखर्चापुरते तेवढे प्रत्येकाने उचलायचे. कॅरींचा पगार असा छापखान्याकडे, शाळांकडे आणि प्रार्थनामंदिरांकडे वळला. मराठी शिकवून मिळालेला पैसाही त्यातच होता.

आता ही मराठी कॅरींना शिकवली कुणी? इथे आपल्या गोष्टीत एक माणूस येतो आणि फार काही न बोलता निघून जातो. त्याचे नाव वैजनाथ पंडित. नागपूरकडचा हा विद्वान फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचा मुख्य पंडित होता. १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण बाहेर पडले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यांच्यामागे वैजनाथांची विद्या होती, हे स्वतः कॅरींनी मान्य केले आहे. १८१४ ते १८१६ या काळात ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ आणि ‘रघूजी भोसल्यांची वंशावळी’ अशी मराठी पुस्तके तिथून निघाली, तीही वैजनाथांच्याच नावाशी जोडलेली आहेत. ही पुस्तके मोडी लिपीत छापली होती. कोशातही मोडी आहे. मोडी म्हणजे हात न उचलता लिहायची लपेटीची लिपी. तिचे सुटे खिळे पाडायचे हे केवढे कसबाचे काम असेल, याची कल्पना ज्यांनी आजोबांची मोडीतली पत्रे पाहिली आहेत त्यांनाच येईल. श्रीरामपूरच्या ओतशाळेत खिळे पाडणारे कारागीर होते पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर. बंगाली कारागिरांच्या हातांनी आपली मोडी धातूत उतरली!

खरे तर मराठी छापण्याचे स्वप्न आपल्याकडेही कुणी पाहिले नव्हते असे नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, पण ते रोमन अक्षरांत. पुण्यात नाना फडणविसांच्या काळात तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरण्याचा उद्योग सुरू झाला आणि तो मिरजेत १८०५ साली पुरा झाला. कॅरींचे व्याकरण निघाले तेच हे वर्ष. फरक एवढाच की, पत्र्यावर कोरलेली अक्षरे त्या एका ग्रंथापुरती असतात. सुटा खिळा आज या पुस्तकात, उद्या दुसऱ्यात बसतो. त्या एवढ्याशा फरकात पुढचे सारे शतक सामावलेले होते.

आता लालबाजारात येऊ. कॉलेजामुळे कॅरींचे श्रीरामपूरहून कलकत्त्याला जाणे-येणे नित्याचे झाले होते. राजधानीत प्रार्थनेसाठी जमणारी माणसे वाढत होती आणि जागा अपुरी पडत होती. त्यातच १८०६ साली वेलोरला शिपायांचे बंड झाले. त्या धास्तीने सरकारने कलकत्त्यातल्या मिशनरींच्या जाहीर उपदेशावर निर्बंध घातले. रस्त्यावर बोलायचे नाही, तर मग चार भिंती हव्यातच. १ जानेवारी १८०९ रोजी, रविवारी, हे प्रार्थनामंदिर उघडले. जागा अशी की, सभ्य मंडळींनी नाक मुरडावे. लालबाजार म्हणजे खलाशांचे गुत्ते आणि तुरुंग असलेला भाग. लालबाजार हे नाव पुढे कलकत्ता पोलिसांच्या मुख्यालयामुळे साऱ्या देशाला ठाऊक झाले. शेजारचा बहूबाजार आजही सोनारांच्या पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. बडे साहेब जिथे बग्गीतून उतरत, ती इंग्लिश देवळे वेगळी. इथे येणाऱ्यांत इंग्रज होते, तसे पोर्तुगीज वंशाचे गरीब लोक होते, आर्मेनियन होते आणि बंगालीही होते. अशाच गरीब, मिश्र वंशाच्या मुलांसाठी १८१० च्या सुमारास मार्शमन यांनी कलकत्त्यात शाळाही काढली.

बॅप्टिस्टांचे प्रार्थनामंदिर इतरांहून थोडे निराळे असते. त्यांच्या मते तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती करणे बरोबर नाही. धर्म ही ज्याची त्याने, जाणत्या वयात, समजून घेण्याची गोष्ट आहे. म्हणून बाप्तिस्मा मोठेपणी घ्यायचा आणि तोही साऱ्या अंगाने पाण्यात बुडून. त्यामुळे या पंथाच्या मंदिरात मूर्ती नसतात, सजावट बेताची असते, पण माणूस उभा राहून बुडी मारू शकेल एवढे कुंड असते. आपल्याला तीर्थावर स्नान करण्याची सवय असल्याने यात फार परके वाटू नये. फरक श्रद्धेचा आहे, पाण्याचा नाही.

या मंदिराच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष १८१२. त्या वर्षी ११ मार्चला श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखिते, वर्षानुवर्षांची मेहनत एका रात्रीत जळून गेली. मंडळींनी कपाळाला हात न लावता वितळलेला धातू गोळा केला आणि नवे खिळे ओतायला घेतले. काही महिन्यांत छापखाना पुन्हा चालू झाला.

त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन जहाजांतून अमेरिकेचे काही तरुण मिशनरी कलकत्त्याला उतरले. अमेरिकेने परदेशी पाठवलेली ही पहिलीच तुकडी. ॲडोनिरम जडसन आणि त्यांची पत्नी ॲन जूनमध्ये आले. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस ऑगस्टमध्ये. हे सारे बाल-बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाचे. पण जहाजावरच्या चार महिन्यांत जडसन यांनी ग्रीक बायबल उघडून या प्रश्नाचा कीस काढला आणि बॅप्टिस्टांचेच खरे अशी त्यांची खात्री पटली. पाठवणारी संस्था हातची जाणार, पगार बंद होणार, सोबती दुरावणार, हे दिसत असूनही ६ सप्टेंबर १८१२ रोजी या पतिपत्नींनी लालबाजारच्या मंदिरात बाप्तिस्मा घेतला. विल्यम वॉर्ड यांनी तो दिला. नोव्हेंबरात राइसही त्याच वाटेने गेले.

इथे वाटा फुटल्या. जडसन ब्रह्मदेशात गेले. तुरुंगवास भोगला, घरची माणसे गमावली आणि बर्मी भाषेत सबंध बायबल उतरवून बर्मी-इंग्रजी कोशाचेही मोठे काम केले. हॉल आणि नॉट आपल्या मूळ पंथाला धरून राहिले. कंपनी सरकारने त्यांना परत फिरण्याचे फर्मावले होते. ते चुकवून त्यांनी मुंबईचे जहाज गाठले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले. तिथेही हद्दपारीची टांगती तलवार होतीच. पण त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली, मिशनरींना मोकळीक मिळाली आणि ते राहिले. हीच आपल्याकडची अमेरिकन मराठी मिशन. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले.

मुंबईच्या या मंडळींनी छापखाना काढायचे ठरवले, तेव्हा देवनागरी खिळे कुठून आले? कलकत्त्याहूनच. १८१७ साली त्यांचे पहिले मराठी चोपडे छापून निघाले, आठ पानांचे. पुढे या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाच्या गृहस्थांनी मराठी खिळे अधिक सुबक केले. त्यांच्या हाताखाली गरीब घरचा एक मराठी मुलगा काम शिकला. त्याचे नाव जावजी दादाजी. १८६९ साली त्याच मुलाने निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरची पंचांगे, पोथ्या आणि काव्यमालेतले संस्कृत ग्रंथ ज्या घरात नव्हते, असे शास्त्र्या-पंडितांचे घर मुंबई-पुण्यात क्वचितच असेल. धर्मांतरासाठी आलेला खिळा, तोच आपल्या पोथ्या छापू लागला! तिकडे ही मिशन १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचली. तिथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाला. पुढे याच परंपरेत रेव्हरंड नारायण वामन टिळक आले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ आली. धर्म कोणताही असो, ते पुस्तक आपण घरातलेच मानतो.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, “म्हणजे आता मिशनऱ्यांचे पोवाडे गायचे का?” नाही. खाते पाहायचे तर जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. फोर्ट विल्यम कॉलेज आपल्या भाषेवरच्या प्रेमापोटी निघाले नव्हते, राज्य चालवण्यासाठी निघाले होते. कॅरी, हॉल यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. त्यातून घराघरांत दुःखे झाली. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजून अजाण मुलगा मिशनरींकडे गेला. बापाने कोर्टात धाव घेऊन त्याला परत मिळवले. पण त्याला जातीत घ्यायला लोक तयार होईनात. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलासाठी प्रायश्चित्ताचा मार्ग काढला आणि स्वतः बहिष्काराचा ताप सोसला. १८३२ साली ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे हेच ते बाळशास्त्री. त्या प्रकरणात दोष कुणाचा? नेणाऱ्यांचा की परत न घेणाऱ्यांचा? त्या बापाच्या जागी स्वतःला ठेवले की उत्तर सोपे राहत नाही.

तेच थोरले भाऊ नारायण शेषाद्री पुढे आपल्या जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. समाजाने दूर ठेवलेल्या माणसांना तिथे घर आणि काम मिळाले. याच सुमारास आपल्या शहरात रत्तनजी नौरोजी हे पारशी घराण्यातून आलेले पाद्री काम करत होते. पारशी कुळातला पाद्री, निजामाचे राज्य, इंग्रजी छावणी आणि मराठी प्रार्थना, एवढे सगळे एका गावात नांदत होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कॅरींची मराठी फार चांगली नव्हती. त्यांनी महाराष्ट्र पाहिलाच नव्हता. कलकत्त्यात बसून, नागपूरकडच्या पंडिताच्या मदतीने ही भाषा घडत होती. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार त्यांनी मराठीत छापला. पण मुंबई-कोकणातल्या लोकांना ती भाषा नीट कळेना. म्हणून हॉल आणि त्यांच्या सोबत्यांनी पुन्हा नव्याने भाषांतर केले. ते १८२६ साली निघाले. म्हणजे लालबाजारातून सुरू झालेले काम कच्चे होते. पण पहिला खर्डा कच्चाच असतो. लिहिणाऱ्याला हे सांगायला नको.

१९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. सरकारी कचेऱ्यांची वैभवशाली इमारत आणि तिच्यातले वैभव यांची फारकत होते, तेव्हा काय उरते ते आपल्या शहराइतके दुसऱ्या कुणाला कळणार? १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेली खडकी, मग फत्तेनगर, मग औरंगजेबाची दख्खनची राजधानी औरंगाबाद, १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली तेव्हा मागे राहिलेले गाव आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. राजधानी जाते, नाव बदलते, बावन्न दरवाजांतले मोजके उरतात. लालबाजारच्या मंदिराने मात्र राजधानी गेल्यावरही दार बंद केले नाही. आज ते कॅरी बॅप्टिस्ट चर्च म्हणून ओळखले जाते आणि तिथे उपासना चालू आहे. कलकत्त्याचे कोलकाता झाले, श्रीरामपूर डॅनिशांनी १८४५ साली इंग्रजांना विकले, हे सगळे पाहत ते उभे आहे. २०१९ च्या ऑगस्टअखेर बहूबाजारात भुयारी मेट्रोचा बोगदा खणताना पाणी घुसले, जुनी घरे खचली आणि शेकडो माणसांना रातोरात बाहेर पडावे लागले. दोनशे वर्षांच्या वस्तीखालची जमीन किती हळवी असते, हे तेव्हा कळले.

वास्तू टिकते कशाने? केवळ दगड-चुन्याने नाही. तिच्यात रोज माणसे येतात, कुणीतरी झाडलोट करतो आणि कुणीतरी वही लिहितो, म्हणून ती टिकते. ही वही फार महत्त्वाची. चर्चमध्ये जन्म, बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदी होतात. मठांत, दर्ग्यांत, गुरुद्वारांत, जुन्या वाड्यांत वेगळ्या नावांनी अशाच वह्या आहेत. कितीतरी मोडीत आहेत. त्या वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि वाळवीला लिपीची अडचण नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण घराण्याचा मोठेपणा मिरवायचा आणि घराण्याचे दप्तर उकिरड्यावर टाकायचे, हे काही बरे लक्षण नव्हे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या छावणीतले जुने चर्च असो, जालना-वैजापूर भागातली प्रार्थनामंदिरे असोत, की कोणत्याही धर्माची जुनी वास्तू असो, तिथल्या वह्यांची छायाचित्रे तिथल्याच मंडळींच्या संमतीने, त्यांच्याच ताब्यात मूळ वही ठेवून काढावीत. आपल्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकून त्यांच्या सूची कराव्यात. या कामाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्सांच्या वचनावर लोकांनी काय केले ते आपण पाहिलेच. आणि आई-वडिलांनी एखाद्या रविवारी मुलांना आपल्या धर्माची नसलेली एक जुनी वास्तू दाखवून आणावी. आत जाताना चपला काढायच्या की डोके झाकायचे, हे तिथल्या माणसाला विचारावे. तेवढ्या विचारण्यातूनही पुष्कळ काही सुरू होते.

कॅरींच्या नावाचे चर्च आहे. जडसन यांचे नाव त्या मंदिराशी कायमचे जोडलेले आहे. जावजी दादाजींना मराठी वाचक विसरलेले नाहीत. वैजनाथ पंडितांचे काय? ते नागपूरहून शेकडो मैलांवर गेले, परक्या राजधानीत, परक्या धर्माच्या माणसाला आपली भाषा शिकवली. आपला धर्म सोडल्याची त्यांच्याबद्दल कुठे नोंद दिसत नाही आणि शिकवण्यात त्यांनी हात आखडता घेतला असेही दिसत नाही. मराठी छापील गद्याच्या पहिल्या पानांवर त्यांचा हात आहे. नागपुरात किंवा मुंबईत एखाद्या ग्रंथालयाच्या दालनाला त्यांचे नाव द्यायला काय हरकत आहे? जमेच्या बाजूला दोनशे वर्षे पडून असलेली ही रक्कम आता तरी खातेदाराच्या नावे मांडली पाहिजे.